वीस मिनिटं हेल्मेटमध्ये

माझी मोटारसायकल लॅम रोडवर बंद पडली ती नेमकी त्याच्या दुकानासमोर. चूक गाडीची नव्हती, गाडी आठच दिवसांची होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी, मधली बावीस वर्षं हँडलला हातही न लावता पुन्हा मोटारसायकल चालवायला घेतली की डोक्याला सगळं आठवतं, डाव्या हाताला मात्र आठवत नाही. क्लच सोडायची घाई झाली आणि गाडीनं एक आचका देऊन जीव सोडला.

देवळाली कॅम्पात कुणाची गाडी बंद पडली की दोन माणसं सल्ला द्यायला येतात, गाडीवर बाई असेल तर पाच. एकजण म्हणाला चोक ओढा. या गाडीला चोक नाहीच. दुसरा म्हणाला, ताई, तुम्ही उतरा, मी चालू करून देतो. बाजूच्या दुकानाच्या पायरीवर एक उंच, सावळा, कानांपाशी पिकलेला माणूस उभा होता. तो गाडीकडे बघतच नव्हता. तो माझ्या डोक्याकडे बघत होता.

"ते हेल्मेट जरा बघू?"

मी काढून दिलं. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी ते दाबलं आणि ते चक्क दबलं. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेलं दिसलं म्हणून घेतलं होतं मी.

"हे तुम्हाला पोलिसापासून वाचवेल," तो म्हणाला, "रस्त्यापासून नाही."

असं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. पंधरा वर्षं एसटी स्टँडवर नोकरी करणाऱ्या बाईला फटकळपणा शिकवावा लागत नाही. मी विचारलं, मग रस्त्यापासून वाचवणारं तुमच्या दुकानात असेलच ना? तो म्हणाला, आहे, पण वीस मिनिटं घालून बसल्याशिवाय मी ते कुणाला देत नाही. हे सगळं तो इतक्या शांतपणे म्हणाला की भांडायला जागाच उरली नाही. मी गाडी स्टँडवर लावली आणि आत गेले.

दुकानावर पाटी होती 'मैना रायडिंग गिअर'. आत भिंतभर हेल्मेटं, जॅकेटं, हातमोजे, आणि मधल्या काचेच्या कपाटात एकच जुनं हेल्मेट. त्याची डावी बाजू खरवडून आतला थर्मोकोल दिसत होता. विकायचं नाही, असा कागद त्यावर चिकटवलेला होता.

त्यानं कापडी टेप काढली. भुवयांच्या वर एक बोट सोडून टेप धरली, कानांवरून मागे नेली, आणि माझ्या अंबाड्यापाशी त्याचे हात थबकले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं... पण तो म्हणाला नाही. टेप अंबाड्यावरूनच फिरली. साठ सेंटिमीटर, म्हणाला, लार्ज. कान मात्र त्याचे लाल झाले होते आणि ते मला दिसले होते.

हेल्मेट डोक्यात गेलं, पट्टा लागला, काच खाली आली, आणि लॅम रोड एकदम लांब गेला. बसचे हॉर्न, समोरच्या बेकरीतला गलका, सगळं कुठल्या तरी दुसऱ्या गावात चालल्यासारखं. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. इतक्या जवळून मी तो कधी ऐकलाच नव्हता. मी तशीच स्टुलावर बसून राहिले.

"पहिली पाच मिनिटं सगळीच बरी वाटतात," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "लागतं ते नंतर."

"लग्नासारखंच," मी म्हणाले.

तो हसला. हसला की दहा वर्षांनी लहान दिसायचा, हे मी त्याच दिवशी टिपून ठेवलं.

शेजारचा चहावाला भिमाजी दोन कप घेऊन आला, माझ्याकडे बघून चक्रावला. "बाईंनी च्या प्यायचा कसा, शेठ? तोंडच नाय दिसत." चहा स्टुलाशेजारी निवत राहिला. आणि मी बोलत राहिले.

काय झालं होतं मला, कोण जाणे. काच खाली असली की समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही. मग शब्द आपोआप मोकळे होतात. मी त्याला सांगितलं की माझे वडील, अण्णा, गुरांचे डॉक्टर, घोटीला होते. त्यांच्याकडे राजदूत होती. रविवारी भाताच्या गिरणीसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला ती शिकवली, आणि कॉलेजची तीनही वर्षं मी घोटीच्या पोरींमध्ये एकटी मोटारसायकलवाली होते. पंचविसाव्या वर्षी लग्न झालं. सुनेनं राजदूत चालवणं सासरी बरं दिसेना. सहा वर्षांत घटस्फोट झाला, नवरा सुटला, पण न चालवायची सवय सुटायला आणखी सोळा वर्षं लागली.

"आणि आता?"

"आता घोटीपर्यंत जायचंय. एकटीनं, स्वतः चालवत, त्या गिरणीसमोर. रोज दहा वेळा मी त्या गावाचं नाव माइकवर घेते. दुनियेला गाड्यांत बसवते आणि मी आपली खिडकीतच."

तो एकदम सरळ झाला. "येवल्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर... ते तुम्ही?"

मी वाहतूक नियंत्रक. गाड्या लावते, सोडते, आणि त्यांची नावं पुकारते. अकरा वर्षं दर रविवारी तो आमच्या स्टँडवरून येवल्याला जायचा, आईला भेटायला. हेल्मेटमधून दबलेला माझा आवाज त्यानं ओळखला होता. माझा चेहरा नाही, आवाज. मला उगीचच काच आणखी खाली ओढावीशी वाटली, पण ती आधीच खाली होती.

वीस मिनिटांनी त्यानं हेल्मेट काढायला सांगितलं, माझ्या कपाळावरचा लाल वळ नीट बघितला आणि विचारलं, "कुठं लागतंय का?"

इतकी साधी विचारणा. पण असं मला कुणी विचारल्याला किती दिवस झाले होते, ते आठवेना. नाही, म्हणाले मी, आणि हेल्मेट घेऊन निघाले. निघताना विचारलं, मैना कोण? बायकोचं नाव असणार, असं मनाशी धरूनच विचारलं.

"आई. अजून मागावर बसते, बहात्तराव्या वर्षी." मग जरा थांबून, "बायको... दोन बहिणींची लग्नं करता करता माझं राहूनच गेलं." 

हे मी विचारलं नव्हतं. घरी जाताना गाडी एकदाही बंद पडली नाही.

त्याचं नाव ललित. पुढच्या पंधरवड्यात मी त्या दुकानात चार वेळा गेले, आणि चारही वेळा काहीतरी कारण होतं, असं माझं म्हणणं आहे. हातमोजे घ्यायचे होते. घोट्याच्या वर येणारे बूट घ्यायचे होते. आणि जॅकेट तर... जॅकेटनं मला पार रडकुंडीला आणलं. सगळी पुरुषांच्या मापाची. खांदे बसले तर पोटावर आवळायचं, पोट बसलं तर कोपराचं संरक्षक पॅड घसरून मनगटाकडे यायचं. आरशात मला एक जाडजूड बाई दिसली, चौपदरी रस्त्याचं काम चालू आहे अशी पाटी घेऊन उभी असल्यासारखी. मी म्हणाले, राहू द्या, या वयात काय शोभतं हे.

ललितनं आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. "जॅकेट शोभायला नसतं," म्हणाला. "पडल्यावर कोपर जिथं टेकेल, तिथं पॅड असलं पाहिजे. हात वाकवा... हँडल धरल्यासारखा." आणि खडूनं बाहीवर खूण केली. बाही उसवून पॅडचा कप्पा त्यानं स्वतःच्या हातानं वर सरकवला. विणकराच्या घरातला माणूस. सुई त्याच्या बोटांत अशी चालायची की भिमाजीसुद्धा चहा हातात धरून बघत राहायचा. एका बाहीसाठी त्यानं तीनदा उसवलं. माझ्या कोपरासाठी. साध्या कोपरासाठी एवढं करणारा माणूस जगात असतो, याचंच मला नवल वाटत राहिलं.

एकदा मी धीर करून म्हणाले, रविवारी चला ना घोटीला. दोघं दोन गाड्यांवर.

त्यानं सुई खाली ठेवली. काचेच्या कपाटातल्या त्या खरवडलेल्या हेल्मेटकडे बघत सांगितलं की ते त्याचंच. अकरा वर्षांपूर्वी कसारा घाटात सांडलेल्या डिझेलवरून गाडी घसरली, डोक्याची डावी बाजू रस्त्यावर वीस-पंचवीस फूट घासत गेली. हेल्मेट मापाचं होतं म्हणून तो उठून उभा राहिला. मोडलेला पाय बरा झाला, पण गाडीवर बसलं की हात कापायचे. म्हणून हे दुकान, आणि म्हणून एसटी.

"लोकांना सांगतो, चालवा, निर्धास्त चालवा. आणि मी..." तो हसला, पण या वेळी लहान दिसला नाही. "मी एसटीनंच बरा."

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. त्याच्यावर नाही, त्या डिझेलवर.

शनिवारी जॅकेट न्यायला गेले. शनिवार-रविवार रजा टाकली होती, म्हणून अंबाडा घातला नव्हता, एकच वेणी, कमरेपर्यंत. वेणी जॅकेटच्या आत सोडली, चेन लावली, हात वाकवले. पॅड बरोब्बर कोपरावर. ललित नेहमीसारखं "कुठं लागतंय का?" विचारायचंही विसरला. नुसता बघत होता. मी म्हणाले, उद्या सकाळी सहाला निघते. तो म्हणाला, हं. मला वाटलं, निदान जपून जा तरी म्हणेल. तेही म्हणाला नाही.

रविवारी पहाटे पाऊस भुरभुरून गेला होता. परतीचा पाऊस तो, त्याला कसली घाई नसते. पाथर्डी फाट्यावरून महामार्गाला लागले, विल्होळी मागे पडलं, आणि माझ्या डाव्या हाताला अचानक सगळं आठवलं. क्लच, गिअर, पुन्हा क्लच. कुणी मागून सांगत नव्हतं. हातच सांगत होता. उजवीकडे अंजनेरीच्या रांगेवरचे ढग सुटत होते आणि खाली भात उभा होता, नुकत्या ओंब्या आलेला, मैलोन्‌मैल हिरवा. हा रस्ता मी बसच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिला होता. पण खिडकीला चौकट असते. इथे चौकटच नव्हती. एवढं मोठं आभाळ रोज या रस्त्यावर असतं आणि मी पंधरा वर्षं त्याच्याखालून लोकांना पाठवत होते! हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं हसले, मग थोडी रडले, आणि दोन्हीचा आवाज सारखाच आला.

एकच गोष्ट बिनसत होती. साठच्या पुढे गेलं की हेल्मेट वाऱ्यानं वर उचललं जायचं, मान वळवली की ते मागून सावकाश वळायचं. दुकानात तर किती घट्ट होतं. वाडीवऱ्हेच्या पुढे एक कंटेनर शेजारून गेला, त्याच्या वाऱ्याचा फटका बसला, आणि हेल्मेट सरकून थेट डोळ्यांवर आलं. क्षणभर समोर काहीच नव्हतं, फक्त अंधार आणि चाकांचा आवाज. डाव्या हातानं ते वर ढकललं, गाडी कडेला घेतली आणि कंटेनर दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले. परत फिरावं असं मनात आलं. मग पट्टा आणखी आवळला आणि उरलेलं अंतर चाळीसच्या वेगानं काटलं.

घोटीत गिरणी होती तिथेच होती. ओल्या कोंड्याचा तोच वास. पलीकडे कळसूबाईची रांग अर्धी ढगात, अर्धी उन्हात, आणि मी बावीस वर्षांची की सत्तेचाळीस, ते तिला काहीच माहीत नव्हतं. मी गाडीवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि त्या डोंगराकडे बघत राहिले. आले मी, अण्णा, एवढंच म्हटलं. मग फोन काढला. ललितचे सहा मिस्ड कॉल.

मी लावणार तेवढ्यात खणखणाट ऐकू आला. सिन्नरच्या रस्त्यानं भिमाजीची जुनी मोटारसायकल येत होती, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकलेली. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत अडकल्या होत्या. वेग असेल तीस. वर एक माणूस, पोटावर न मिटणारं जुनं जॅकेट, डोक्यात कोरं हेल्मेट, त्यावर किमतीचा स्टिकर तसाच. पेट्रोलच्या टाकीवर आणखी एक हेल्मेट दोरीनं बांधलेलं.

ललित उतरला. एका हातानं त्यानं गाडी धरूनच ठेवली.

"आधी ते... ते हेल्मेट बाजूला ठेवा. ते तुमचं नाही. माप चुकलंय." त्याला दम लागला होता. "त्या दिवशी तुमचा अंबाडा होता. अंबाड्यासकट साठ आलं. केस सोडा असं बाईमाणसाला कसं म्हणायचं... जीभच वळेना. म्हटलं, असू दे. कुणाला असू दे म्हणत नाही मी, तुम्हाला म्हटलं."

"आणि काल? काल तर वेणी होती. तुम्ही बघितली."

"बघितली ना." तो रस्त्याकडे बघायला लागला. "वेणीच बघत राहिलो. हेल्मेट सुचलंच नाही. आज सकाळी दात घासताना लक्षात आलं, वेणी म्हणजे अंबाडा नाही, म्हणजे हेल्मेट सैल, आणि तुम्ही हायवेला. फोन तुम्ही उचलेनात. भिमाजी किटल्या काढत बसला असता तर... तशीच घेतली. भगूर, पांढुर्ली करत आलो."

"अकरा वर्षांनी?"

"हो."

"हात कापले?"

"अजून कापतायत. बघा." त्यानं पंजा पुढे केला. खरंच कापत होता. मी तो धरला, कारण कापणाऱ्या हाताचं दुसरं काय करतात, मला माहीत नाही. हातमोज्यातूनही तो गरम लागला. मला वाडीवऱ्हेचा तो अंधार आठवला. तो मी त्याला सांगितला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणाले, काही झालं नाही, मी इथे आहे, उभी आहे.

"भिमाजीचं दूध?"

"निम्मं पांढुर्लीला सांडलं."

मग त्यानं खिशातून टेप काढली. या वेळी हात थबकले, पण तो बोलला. "केस... म्हणजे वेणी जरा पुढे घ्याल?" मी घेतली. सत्तावन्न. मीडियम. त्यानं टाकीवरचं हेल्मेट सोडलं, माझ्या डोक्यात घातलं, पट्ट्यात दोन बोटं घालून ताण बघितला, आणि घड्याळ.

"वीस मिनिटं," मी म्हणाले. "नियम म्हणजे नियम. पण तुम्हीही काढायचं नाही. काच खाली."

गिरणीच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो, हेल्मेटं घालून, काचा खाली. भाताची पोती उतरवणारी माणसं थांबून बघायला लागली. बघू देत. पहिली पाच मिनिटं गेली. मग काचेआडून दबका आवाज आला.

"येवल्याची गाडी सातला असते. मी साडेसहालाच येऊन बसायचो. पण सातची गाडी मी कधीच घेतली नाही, साडेसातची घ्यायचो."

"का? सातची रिकामी असते."

"गाडीत बसलं की इंजिनच्या आवाजात तुम्ही ऐकू येत नाही. फलाटावर ऐकू येता. सातच्या गाडीला तीन वेळा पुकारता. ते तिन्ही ऐकायचे, गाडी जाऊ द्यायची... मग साडेसात. अकरा वर्षं. खिडकीत डोकावून बघायची हिंमत काही झाली नाही."

माझा श्वास हेल्मेटमध्ये मोठा झाला होता. पंधरा वर्षं मी त्या माइकवर बोलले. मला वाटायचं, गाडीचा नंबर सोडून कुणी काही ऐकत नाही. आणि एक माणूस दर रविवारी गाडी सोडून देत होता. एवढ्या मोठ्या गोष्टीचं काय करायचं असतं, मला खरंच कळेना. समोर कळसूबाईवरचा ढग उठत होता, तो मला धूसर दिसत होता, आणि काच बाहेरून स्वच्छ होती.

"मला तुम्ही आवडता, सुवर्णा," तो म्हणाला. "हे काच वर करून म्हणता आलं नसतं."

वीस मिनिटं होऊन गेली. कुणीही घड्याळ बघितलं नाही. शेवटी मीच माझी काच वर केली, मग हात पुढे करून त्याची. त्याचे डोळे लाल होते, वाऱ्यानं म्हणे.

"कुठं लागतंय का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि या वेळी ते अगदी खरं होतं.

मग मी पाठ सरळ केली, घसा साफ केला आणि पंधरा वर्षांच्या सवयीच्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. येवल्याला मैनाबाईंच्या भेटीला जाणारी गाडी पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता सुटेल. प्रवाशांनी आपापल्या मापाचं हेल्मेट घालून यावं." पोती उतरवणारी माणसं हसायला लागली.

ललितनं डोकं खाली घातलं होतं. वर बघितलं तेव्हा तो मला दहा वर्षांनी लहान दिसला.

"अजून दोनदा पुकारा," तो म्हणाला. "पण सातची मी या वेळी सोडणार नाही."